गुद्रुनबाईंचा गिझर आणि एकसष्ट नंबरचा कॅन

गुद्रुनबाईंचा फोन आला तेव्हा त्यांचं पहिलंच वाक्य होतं, "दुसरं कोणी उरलं नाही, म्हणून तुला विचारतेय."

"नमस्कार, गुद्रुनबाई," मी म्हटलं.

"तू आस्गरच ना? मारिउस थुएसनचा?"

आमची घरं एकाच रस्त्यावर, मधे फक्त चार कुंपणं. साठ वर्षं मी या टॉपलुंड गावात राहतोय, त्यातली अडतीस नळदुरुस्ती करण्यात गेली. गावातल्या प्रत्येक घराची मोरी मला ठाऊक आहे, एक त्यांची सोडून. नळ गळो, तुंबो, त्या तीस किलोमीटरवरच्या गावातून माणूस बोलवायच्या. तो माणूस आता म्हातारा होऊन पोर्तुगालला राहायला गेला होता, आणि नव्या पोरांच्या गाडीवर नुसता फोन नंबर असतो, नाव नसतं, हे बाईंना संशयास्पद वाटत होतं. ओळखीचा चोर बरा, असा त्यांनी विचार केला असणार.

चोर हा शब्द मी उगीच वापरत नाही. ते सांगायचं तर आधी बाई कोण ते सांगायला हवं.

गुद्रुन ओवरगोर या आमच्या सहकारी डेअरीत एकतीस वर्षं दूध तपासत होत्या. पांढरा कोट, कानावर पेन्सिल, हातात लांब दांड्याचं माप. कुठल्या दिवशी कोणाच्या कॅनमधून नमुना काढतील ते ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. लॅक्टोमीटर नळीत सोडायच्या आणि तो डुलायचा थांबेपर्यंत श्वास रोखून बघायच्या. शेतकरी समोर टोपी हातात घेऊन उभे. पाद्र्यासमोर जे पापाची कबुली देत नसत ते बाईंसमोर आपणहून सांगत, "काल गाय जरा पातळ दूध देत होती."

पुढे डेअरी बंद झाली, पण बाईंची तपासणी बंद झाली नाही. दुकानातला पाव घरी येऊन काट्यावर ठेवायच्या. चर्चमध्ये फळ्यावर लावलेला गीताचा क्रमांक चुकीचा आहे की काय, ते आधी पुस्तकात बघायच्या आणि मगच तोंड उघडायच्या. आमच्याकडे रस्त्याच्या कडेला लोक बटाट्याच्या पिशव्या मांडून ठेवतात, शेजारी पैशाला डबा, माणूस कोणी नाही. बाई तिथेही खिशातून ताणकाटा काढून पिशवी लटकवायच्या. गंमत म्हणजे वजन जास्त भरलं तर दोन बटाटे काढून परत ठेवायच्या. हे मी स्वतः पाहिलंय. संशय घ्यायच्या, पण काटा कोणाच्याच बाजूला झुकू द्यायच्या नाहीत. हे सगळं आज कबूल करतोय. तेव्हा मला त्या नुसत्या दुष्ट वाटत.

कारण १९७१ सालच्या हिवाळ्यात त्यांनी माझ्या बाबांचं दूध पकडलं.

मी बारा वर्षांचा होतो. बाबांच्या सहा गाई, शेवटच्या वळणावरचं लहानसं शेत, डेअरीचा शेवटचा नंबर आमचा, एकसष्ट. कॅनच्या गळ्यावर लाल रंगात लिहिलेला. जानेवारीत पहिल्यांदा बाईंनी सांगितलं की दुधात पाणी आहे. फेब्रुवारीत दुसऱ्यांदा. मार्चमध्ये तिसऱ्यांदा. तिसऱ्यांदा झालं की डेअरीच्या दारावरच्या फळ्यावर नंबर लागायचा. नाव लिहीत नसत, आकडाच. पण कोणाचा कुठला नंबर ते गावातल्या मांजरांनाही पाठ होतं.

बाबांनी डेअरीत जाऊन सांगितलं, मी पाणी घातलेलं नाही. कोणी ऐकलं नाही. महिनाभर दूध परत आलं, डुकरांना घातलं. त्या उन्हाळ्यात बाबांनी सहाही गाई विकल्या आणि सिमेंटच्या कारखान्यात कामाला लागले. शाळेत एक मुलगा मला बघितलं की दुधाचा पेला नळाखाली धरायचा. बाबांना गावानं नाव पाडलं, पाणीवाला मारिउस. १९९८ साली ते गेले तेव्हा थडग्यावर मारिउस थुएसन असं कोरलं, पण कबरस्तानात फुलं घेऊन आलेल्या दोन म्हाताऱ्यांना मी मागून बोलताना ऐकलं, "हा कोण? अच्छा, पाणीवाला." मी नळाच्या धंद्यात गेलो तेव्हाही लोकांना भारी विनोद सुचला होता. तो मी अडतीस वर्षं ऐकतोय.

तर अशा बाईंचा फोन.

"काय झालंय?" मी विचारलं.

"गिझर गुरगुरतोय. आणि अर्धी आंघोळ होते तोवर पाणी गार."

"तळाला चुना बसला असणार. आपलं पाणीच तसलं. दरवर्षी पाणी काढून टाकी साफ करायला लागते."

"ते मला शिकवू नकोस. एगॉन दरवर्षी करायचा."

एगॉन त्यांचा नवरा, सहा वर्षांपूर्वी गेला. मोठा गोड माणूस. गावच्या सभागृहात गाणी म्हणायला तोच पुढे, मुलांना कसरती तोच शिकवणार. त्याचा फोटो अजून तिथल्या भिंतीवर आहे. तोही डेअरीतच होता. रिकामे झालेले कॅन वाफेनं, गरम पाण्यानं धुवायचे, लाकडी घोडीवर पालथे घालायचे, निथळले की झाकणं लावून गाडीवर चढवायचे, हे त्याचं काम. धुतलेला कॅन त्याच दिवशी गाडीतून शेतकऱ्याकडे परत. लहानपणी आम्ही त्या वाफेत उभं राहून हात शेकायचो आणि तो आम्हाला हाकलायचा नाही.

"म्हणजे सहा वर्षं कोणी टाकीला हात लावला नाही?" मी विचारलं.

"परवा मी लावला. वीज बंद केली, गार पाणी बंद केलं, वरचा गरम नळ उघडला, खालच्या नळाला एगॉनची रबरी नळी जोडून सगळं पाणी मोरीत सोडलं. शेवटच्या थेंबापर्यंत. टाकी कोरडी आहे. तू फक्त बुडाचं झाकण उघडायचं. पाणी काढायला दोन तास लागले म्हणून मला सांगायचं नाही."

"कोरडी नसणार, बाई."

"मी एकतीस वर्षं द्रव मोजलेत, आस्गर."

मी जायला नको होतं, असं बोदिलचं म्हणणं. बोदिल माझी बायको. "तुला घरात घेतील आणि चमचे मोजत बसतील," ती म्हणाली.

चमचे नाही मोजले. पाने मोजले. दारात बूट काढले तोवर बाई हातात कागद घेऊन उभ्या. माझी पेटी उघडायला लावली आणि एकेक वस्तू लिहून घेतली. पाने चार, पेचकस दोन, ब्रश, खरवडायची पट्टी, नवं रबरी गॅस्केट एक.

"चोरीला जायचं तर तुमच्या घरातलं जाईल ना, माझ्या पेटीतलं कसं?" मी म्हटलं.

"डॉक्टर लोक पोटात कात्री विसरतात. जाताना पुन्हा मोजू."

स्वयंपाकघरामागच्या खोलीत गिझर उभा होता, कपाटाएवढा, शंभर लिटरचा. शेजारी खुर्ची मांडून त्यावर बाई बसल्या. अठ्ठ्याहत्तरावं वर्ष, पाठ ताठ, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. मांडीवर काचेचं मापाचं भांडं. ते कशाला, मी विचारलं नाही. राग यायला लागला होता. बाबांना असंच उभं केलं असणार त्या डेअरीत, असं मनात आलं.

मी खालचा नळ उघडून दाखवला. एक थेंब आला नाही.

"बघ," बाई म्हणाल्या.

"बघतोय. आता बादली द्या."

"कशाला?"

"द्या तर."

मी झाकणाखाली बादली ठेवली. बोल्ट एकेक करून सैल केले. शेवटचा बोल्ट ढिला झाला तसं झाकणाच्या कडेनं पाणी सुटलं, गढूळ, पांढरट, आणि मग भळाभळा. बादली भरत आली. मी बाईंकडे बघितलं नाही, पण माझ्या चेहऱ्यावर हसू असणार, कारण त्या म्हणाल्या, "दात काढू नकोस. थांब, मी मोजते."

आणि खरंच काचेच्या भांड्यानं मोजलं. उकिडव्या बसून, भांडं डोळ्यासमोर धरून, पाणी डुलायचं थांबेपर्यंत श्वास रोखून. सात लिटर आणि वर थोडं.

"हे आधी नव्हतं," त्या म्हणाल्या. "तू नळ उघडलास तेव्हा काही आलं नाही."

"मग काय मी खिशातून आणलं?"

"मी तसं म्हटलं नाही."

"तुमच्या घराण्यात न म्हणताच फळ्यावर लावायची पद्धत आहे." निघून गेलं तोंडातून. इतक्या वर्षांत त्या गोष्टीचा उल्लेख आमच्यात पहिल्यांदा झाला.

बाईंनी चष्मा वर सरकवला. "चोराच्या मनात चांदणं," म्हणाल्या. "मी पाण्याबद्दल विचारतेय. कुठून आलं?"

मी आवाज खाली आणला. अडतीस वर्षांत गिऱ्हाइकावर ओरडलो नव्हतो. "नळ बुडाला लागून नसतो, बाई. चार बोटं वर असतो. त्याच्या खाली राहिलेलं पाणी नळाला कधी मिळतच नाही. तुम्ही दिवसभर नळ उघडा ठेवा, तुम्हाला वाटणार टाकी रिकामी झाली. ते पाणी बाहेर यायला टाकी उलटी करायला हवी. पालथी घालून निथळत ठेवली, तरच कोरडी होईल."

मी हात आत घालून चुन्याचे खपले काढायला लागलो. अंड्याच्या टरफलासारखे, मुठी मुठी निघत होते. मॅग्नेशियमची कांडी बाहेर काढली तर तिची तार उरली होती. मी ती बाईंना दाखवली, म्हटलं ही पाण्यानं खाल्ली, आता बदलली नाही तर पाणी टाकीच खाईल. एरवी त्यांनी कांडी काट्यावर ठेवली असती. त्यांचं लक्षच नव्हतं.

"किती वेळ?" त्यांनी विचारलं.

"कशाला?"

"पालथी घातली तर निथळायला किती वेळ लागेल?"

"टाकीला? कोण टाकी पालथी घालतंय? मी आपलं बोलण्यात बोललो."

"मिनिटभर पुरेल?"

"मिनिटात काय होतंय. पाव तास तरी."

त्या उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि खिडकीशी उभ्या राहिल्या. मी झाकण बसवलं, नवं गॅस्केट घातलं, नवी कांडी गाडीतून आणून लावली, पाणी भरलं, वीज चालू केली. पाने मोजून घ्यायला हाक मारली तर म्हणाल्या, "असू दे, जा तू." कॉफी विचारली नाही. आमच्याकडे माणूस तासभर घरात काम करून कॉफीशिवाय निघतो म्हणजे त्याचा अपमानच. दारात बूट घालताना मला वाटलं, यात काहीतरी पाणी मुरतंय. बाई माझ्याविरुद्ध काहीतरी रचतायत.

पुढच्या आठवड्यात तो संशय वाढतच गेला. मंगळवारी दुकानात कळलं की गुद्रुनबाईंनी स्वेन्डला फोन केला होता. स्वेन्ड एकोणनव्वद वर्षांचा, पूर्वी कॅनची गाडी चालवायचा. एकाहत्तर साली गाडी कुठल्या वाराला किती वाजता निघायची, असं विचारत होत्या.

"एकाहत्तर साल?" मी विचारलं.

"हो ना," दुकानातली बाई म्हणाली. "तुझ्या बाबांचंच साल ना ते?" आणि मग एकदम यीस्टची पाकिटं नीट लावायला लागली.

बुधवारी पाद्रीबाईंची तक्रार. त्यांच्या दारात एक जुना दुधाचा कॅन होता, त्यात त्या फुलं लावायच्या. गुद्रुनबाई आल्या, फुलं मातीसकट उपटून वर्तमानपत्रावर ठेवली आणि कॅन हातगाडीवर घालून घेऊन गेल्या. परत करीन, एवढंच म्हणाल्या. आणि संध्याकाळी बोदिल फिरून आली ती हसतच. "तुझ्या बाई अंगणात बसल्यात. कॅनमध्ये गरम पाणी ओततात, उपडा करून लगेच सरळ करतात, आणि आत राहिलेलं काढून मोजतात. मग पुन्हा. वहीत लिहितायत. वेड लागलं की काय?"

मला हसू आलं नाही. "बाबांचं प्रकरण उकरून काढतायत," मी म्हटलं. "मी त्या दिवशी फळ्याचं बोललो ना, त्याचा सूड. आता काहीतरी नवा पुरावा शोधतील आणि मेलेल्या माणसाला पुन्हा फळ्यावर लावतील."

"लावू देत. खोटं असेल तर काय होणार?"

मी ताटल्या काढून टेबलावर ठेवल्या.

बोदिलनं पावावर वाटलेल्या कलेजीचा थर लावता लावता माझ्याकडे बघितलं. "आस्गर, तुला तरी कधी खात्री होती?"

तेहतीस वर्षांच्या संसारात हा प्रश्न तिनं पहिल्यांदा विचारला, आणि मला त्याचं उत्तर माहीत होतं. मला खात्री नव्हती. बाराव्या वर्षापासून नव्हती. आमच्याकडे पैशाची ओढाताण होती, आई आजारी होती, सहा गाईंचं दूध अर्धा कॅनही भरायचं नाही. अशा माणसानं तांब्याभर पाणी घातलं असेल, असं मला आतून वाटत आलं. लॅक्टोमीटर कशाला खोटं बोलेल? बाबा शेवटच्या हिवाळ्यात वृद्धाश्रमात होते. एका दुपारी खिडकीकडे बघत म्हणाले, "तुला तरी पटतं का रे, मी नाही घातलं ते?" मी म्हटलं, "जाऊ द्या ना बाबा, जुनी गोष्ट." त्यांनी मान डोलावली आणि पुन्हा विचारलं नाही. दोन आठवड्यांनी गेले.

गुरुवारी सभागृहात गावजेवण होतं. महिन्यातून एकदा असतंच. भाजलेलं डुकराचं मांस, बटाटे, पार्सली घातलेला पांढरा सॉस, साठ-सत्तर माणसं, लांब टेबलं. मी जाणार नव्हतो. बोदिलनं ओढून नेलं. "पळालास तर लोक म्हणतील, खाई त्याला खवखवे."

गुद्रुनबाई टेबलाच्या टोकाला बसल्या होत्या, एगॉनच्या फोटोखाली. समोर एक जुनी काळ्या पुठ्ठ्याची वही. जेवण होऊन कॉफी यायच्या आधी त्यांनी चमच्यानं पेला वाजवला आणि उठल्या. आमच्यात पेला वाजवून उठणारा माणूस कोणाचं तरी कौतुक करतो. लोक हसऱ्या तोंडानं वळले. मी खुर्ची मागे सरकवली.

"मला एक निकाल दुरुस्त करायचाय," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज डेअरीतला होता, सपाट, आकडे वाचून दाखवणारा. "नमुना एकसष्ट. आठ जानेवारी, बारा फेब्रुवारी, बारा मार्च, एकोणीसशे एकाहत्तर. तिन्ही वेळा मी लिहिलं, पाणी घातलेलं. दुधात पाणी होतं, ते बरोबर. शेतकऱ्यानं घातलेलं होतं, हे चूक."

सभागृहात कोणीतरी काटा खाली ठेवला.

"तिन्ही दिवस शुक्रवार होते. हे मी तेव्हा बघितलं नाही. शुक्रवारी चीज स्टेशनावर पोचवायचं असे, म्हणून गाडी तासभर आधी सुटायची. स्वेन्ड, बरोबर?"

स्वेन्डनं कानामागे हात धरला होता. "शुक्रवारी लवकर जायचो, हे खरं," तो म्हणाला.

"त्यामुळे शेवटचे कॅन घोडीवर निथळायला वेळ मिळायचा नाही. उपडे करून लगेच सरळ करायचे आणि झाकण लावायचं. मी काल वीस वेळा करून बघितलं. पाऊण लिटर आत राहतं. पाद्रीबाई, तुमचा कॅन उद्या आणून देते. शेवटचा नंबर एकसष्ट. मारिउस थुएसन शनिवारी सकाळी अंधारात झाकण काढायचा, गाळणं ठेवायचा आणि दूध ओतायचा. आत बघायचा नाही. डेअरीनं धुऊन पाठवलेला कॅन तपासायचा म्हणजे आपल्याच माणसांवर संशय घ्यायचा, असं त्याला वाटत असणार. एकोणसाठ आणि साठचे कॅनही ओलेच जात असतील, पण ते काठोकाठ भरून यायचे. त्यात पाऊण लिटर कळत नाही. याच्या अर्ध्या कॅनात कळलं."

इथे हिशेबात एक अडचण होती, शुक्रवारी ओला गेलेला कॅन भरायचा शनिवारी, मग शुक्रवारच्या नमुन्यात पाणी कसं, आणि बाईंनी ती स्वतःच सोडवली. "नमुना मी शुक्रवारी घेतला असं वहीत आहे. दूध गुरुवार संध्याकाळचं आणि शुक्रवार सकाळचं एकत्र, असं मी समजत आले. तारखा पुन्हा बघितल्या. नमुना काढला शनिवारी सकाळी. वहीत तारीख पडली ती आदल्या दिवशी गेलेल्या गाडीची, कारण कॅन गाडीच्या तारखेनं लिहायची आमची पद्धत होती. म्हणून शुक्रवार डोळ्यांसमोर असून दिसला नाही."

मग त्यांनी वही मिटली. आता पुढचं नाव सांगायचं होतं. सगळ्यांना कळलं होतं कोणाचं, आणि कोणालाच ते ऐकायचं नव्हतं. खाली बसल्या असत्या तरी चाललं असतं. बाबांचं नाव तेवढ्यानंही धुऊन निघालं असतं.

"कॅन माझा नवरा धुवायचा," बाई म्हणाल्या. "मी एकसष्ट शेतकऱ्यांवर संशय घेतला. घोडीजवळ जाऊन एकदाही बघितलं नाही, कारण तिथे एगॉन होता. आपला तो बाब्या, लोकाचं ते कार्टं. फळ्यावर नंबर मी लावला होता. काढायला इतकी वर्षं लागली. एवढंच."

त्या बसल्या. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. भिंतीवर एगॉन हसत होता, मुलांच्या रांगेपुढे, पांढऱ्या बनियनमध्ये. त्याच्या हाताखाली कसरती शिकलेली निम्मी माणसं तिथे बसली होती आणि ताटलीकडे बघत होती. मला वाटलं होतं की असा दिवस आला तर मला आनंद होईल. झाला नाही. बोदिलनं टेबलाखाली माझा हात घट्ट धरला होता.

कॉफी आली. गावात काही झालं तरी कॉफी येते. हळूहळू आवाज सुरू झाले, पोरं टेबलांमधून पळायला लागली. पाद्रीबाई येऊन नुसत्या माझ्या खांद्याला हात लावून गेल्या. दुकानातली बाई म्हणाली, "मारिउस चांगला माणूस होता," जणू हे तिला नेहमीच माहीत होतं.

मग गुद्रुनबाई आपला कप घेऊन आल्या आणि माझ्यासमोर बसल्या. थकल्या होत्या. एकदम अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या दिसत होत्या.

"गिझर गुरगुरत नाही आता," म्हणाल्या.

"नाही गुरगुरणार."

"तुझा एक पाना माझ्याकडे राहिलाय. म्हणून मोजायचं असतं."

"येईन घ्यायला."

"ये. कॉफी राहिलीय तुझी." त्यांनी चमच्यानं कॉफी ढवळली, साखर न घालताच. "तिसऱ्यांदा पकडलं तेव्हा तो माझ्यासमोर उभा होता. म्हणाला, बाई, मी नाही घातलं. मी म्हणाले, सगळे असंच म्हणतात. त्या दिवशी तू पालथ्या टाकीचं बोललास तेव्हापासून ते वाक्य कानातून जात नाही."

माझ्याही कानात एक वाक्य होतं.

"एक सांग," बाई म्हणाल्या. "गाव जाऊ दे. मीही जाऊ दे. घरात तरी त्याच्यावर विश्वास होता ना कोणाचा? तुझा तरी?"

त्यांना ते हवं होतं. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे मागितलेली ती पहिलीच गोष्ट होती.

"हो," मी म्हणालो. "होता."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, श्वास रोखलेला. ती नजर मी गिझरजवळ बघितली होती, आणि बाबांनी डेअरीत बघितली असणार. मी डोळे कपाकडे वळवले. बोदिल शेजारीच होती, तिनं माझ्या कपात कॉफी ओतली.

"बरं झालं," गुद्रुनबाई म्हणाल्या, आणि दुधाचं भांडं माझ्याकडे सरकवलं. दुसरं काही विचारलं नाही. एकतीस वर्षं ज्यांना थेंबभर पाणी कळायचं, त्यांना माझ्या त्या शब्दातलं कळलं नसेल, यावर माझा अजून विश्वास बसत नाही.